खारे कंपाउंडर

पाणी नुसतं जिभेवर ठेवून ते विहीर ओळखायचे. घोट घ्यायचा, तोंडात इकडून तिकडे खेळवायचा, डोळे बारीक करायचे, खिडकीतून बाहेर चूळ टाकायची आणि सांगायचं, "चौसाळ्याच्या वाटंवरली, चिंचंखालची. चुना लई हाय." एकदा मी मुद्दाम दोन विहिरींचं पाणी एका लोट्यात कालवून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी एक घोट घेतला, चूळ टाकली, पुन्हा एक घेतला. मग म्हणाले, "बाई, तुमी दोगांचं लगीन लावलंय. एक खारी, एक गोडी. नांदंल असं वाटत न्हाई."

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गावात अजून आमची माणसं आहेत आणि त्यांना लेकी उजवायच्या आहेत. अमल निजामाचा होता. दफ्तर उर्दूत चालायचं, औषधांची नावं इंग्रजीत असायची आणि रोगी कण्हायचे मराठीत. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले. आष्टीच्या माझ्या भावाने भाऊबंदांचं न ऐकता मला हैदराबादला पाठवून नर्सचं शिक्षण दिलं. नोकरीवर रुजू झाले, त्या दिवशी पहिलं काम मिळालं ते कंपाउंडरांकडून. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, "कसं लागतंय?" मी म्हटलं, "पाण्यासारखं." ते हताश होऊन म्हणाले, "शिकाल हळूहळू."

हजेरीपटावर त्यांचं नाव काहीतरी वेगळं होतं, पण सगळा तालुका त्यांना खारे कंपाउंडर म्हणायचा. पोटात दुखो, डोळे येवोत, बैलाने लाथ मारो, त्यांचा पहिला प्रश्न एकच, "पाणी कुठलं पिता? खारं हाय का?" शिवाय जीभही तशीच होती. आमचे डॉक्टरसाहेब नवे बदलून आले, तेव्हा त्यांनी हे नाव ऐकलं आणि मनाशी दुरुस्त करून घेतलं. माणसाचं आडनाव खरे असणार, इकडच्या अशुद्ध उच्चारांच्या लोकांनी त्याचं खारे केलं असणार. आपल्यातलं माणूस भेटलं म्हणून त्यांना फार बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कंपाउंडरांना घरी जेवायला बोलावलं. पंगतीत साहेबांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले, खरे?" कंपाउंडर वरणभात कालवत म्हणाले, "मूळ काय सांगावं साहेब. आमी मेंढरांमागचे. जिथं चारा, तिथं मूळ." त्या पाटाची नंतर काय व्यवस्था झाली मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून "अहो खरे"चं "ए कंपाउंडर" झालं.

ते खरोखरच मेंढरांमागचे होते. वडील चौसाळ्याच्या माळावर मेंढरं राखायचे. पाण्याची पारख आपण त्या मेंढरांकडून शिकलो, असं ते अभिमानाने सांगत. "मेंढरू खाऱ्या पाण्याजवळ जातं, वास घेतं आन् माघारी येतं. माणूस तेवढं करत न्हाई. माणूस म्हणतो, आज्ज्यापासून हेच पीत आलोय." एका मौलवींनी त्यांना उर्दू शिकवली, त्या जोरावर ते शाळेत गेले आणि पुढे कंपाउंडरची परीक्षा पास झाले. पण एखाद्या रोग्याशी बोलताना ते मध्येच मेंढराला घालतात तशी शीळ घालायचे, आणि रोगीही उठून जवळ यायचा.

दवाखान्यामागे पत्र्याच्या छपरीत त्यांची भट्टी होती. तांब्याचं भांडं, त्यावर टोप, टोपातून निघालेली वेटोळी नळी. भांड्यात पाणी उकळायचं, वाफ नळीतून जाता जाता थंड व्हायची आणि थेंबाथेंबाने काचेच्या बाटलीत पडायची. सुईवाटे अंगात जायचं औषध याच पाण्यात करायचं. पण आमच्या भागातलं पाणी असं, की आठ दिवसांत भांड्याच्या आत बोटभर जाडीचा चुन्याचा थर बसे आणि भट्टी सुस्तावे. मग दर शुक्रवारी कंपाउंडर छिन्नी-हातोडी घेऊन भांड्यात डोकं घालत. बाहेरून त्यांचा फक्त आवाज ऐकू येई, आणि तो डॉक्टरसाहेबांच्या कानावर पडण्याजोगा नसे.

भट्टीचा धूर दिसतो म्हणून एकदा आबकारी खात्याचा जमादार झडतीला आला. सरकारी आवारात दारू गाळतात, अशी त्याला पक्की खबर होती. त्याने बाटली नाकाला लावली, मग घोट घेतला, मग आणखी एक. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "इसमें तो कुछ भी नहीं है."

"तेच तर हाय जमादारसाहेब," कंपाउंडर म्हणाले. "कुछ भी नहीं निकालने के वास्ते आठ मन लकडी जलती."

जमादाराने कागदावर काय लिहिलं देव जाणे, पण जाताना तो माझ्याकडे बघून अशी मान हलवत गेला, की या बाईने आता दुसरीकडे नोकरी शोधावी.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हा हैदराबादहून एक मोठी पेटी आली. फौजेसाठी मागवलेल्या सामानातून उरलेली. गवतात गुंडाळलेल्या दोन उंच काचेच्या नळ्या, त्या उभ्या करायचा लाकडी घोडा, रबराच्या तोट्या, तेजाबाचे म्हणजे ॲसिडचे बुधले आणि दोन पिशव्या दाणे. एका पिशवीतले काळपट, दुसरीतले पिवळे. सोबतच्या उर्दू कागदावर 'राल' लिहिलेलं, म्हणजे राळ. आमच्या शिपायाने पिवळे दाणे पाहिले, 'राळ' ऐकलं, त्याला वाटलं राळे आले. दुष्काळातलं धान्य सरकारने पाठवलं म्हणून त्याने पिशवीत लिंबाचा पाला घालून ती कोठीत ठेवून दिली. दोन दिवस आम्ही यंत्राचे पिवळे दाणे हरवले म्हणून शोधत होतो.

कंपाउंडरांनी तो कागद चार दिवस वाचला, तेजाबाने बोटं पोळून घेतली आणि पाचव्या दिवशी नळ्या चालू केल्या. वरून आडाचं पाणी ओतायचं, ते दाण्यांमधून झिरपत पहिल्या नळीतून दुसरीत जायचं आणि खाली गोळा व्हायचं. पहिल्या नळीतून निघालेलं पाणी त्यांनी मला चाखायला दिलं. ते चक्क आंबट होतं. दुसरीतून निघालेलं कशासारखंच नव्हतं.

"बाजार हाय बाई हा," त्यांनी समजावलं. "काळा दाणा पाण्यातला चुना आन् मीठ धरून ठिवतो, त्याच्या बदली आंबटपणा सोडतो. पिवळा दाणा तो आंबटपणा गिळतो. मागं काय राहिलं? काय बी न्हाई. दाण्यापाशी द्यायचं संपलं, की दुकान बंद. मग काळ्याला तेजाब पाजायचं, पिवळ्याला सोडा पाजायचा, दोगांना धुवायचं, पुन्ना दुकान उघडं." मग एका पेल्यात आडाचं पाणी आणि दुसऱ्यात नळीचं पाणी घेऊन त्यांनी दोन्हींत डोळ्यांसाठी ठेवलेल्या चांदीच्या औषधाचा एकेक थेंब टाकला. आडाच्या पाण्यात दुधासारखा ढग उठला. नळीचं पाणी जसंच्या तसं राहिलं. एवढा खूश झालेला त्यांचा चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

पण त्यांची खरी युक्ती वेगळीच होती. ते पाणी त्यांनी थेट वापरलं नाही, भट्टीत घातलं. चुनाच नाही म्हटल्यावर थर बसेना, आणि थर बसेना म्हटल्यावर भट्टी पूर्वीच्या तिप्पट पाणी देऊ लागली. शुक्रवारची छिन्नी बंद झाली. "नळीनं मीठ काढायचं, भट्टीनं जीव काढायचे. दोगांचं काम वायलं हाय," ते म्हणत. जीव म्हणजे रोगाचे जंतू. जंतू हा शब्द त्यांना माहीत होता, पण "जंतू म्हटलं की लोकांना आळी दिसती, आन् आळी दिसली न्हाई की बिनघोर पितात."

डॉक्टरसाहेबांना मात्र नळ्यांमध्ये वेगळीच गोष्ट दिसली. अख्ख्या रियासतीत असं यंत्र दोन-तीन ठिकाणीच असेल. त्यांनी उद्घाटन ठरवलं. दवाखान्याच्या दारात सागाची भली मोठी कमान उभी राहिली, तिच्यावर वळणदार उर्दूत 'आब-ए-खालिस' आणि खाली मराठीत 'शुद्ध जल'. खुद्द तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे सर्वांत मोठे अंमलदार, मोटारीने आले. चांदीच्या पेल्यात त्यांना नळीचं पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या पाण्याला चव अशी काही नव्हतीच, त्यामुळे काय बोलावं ते त्यांनाही सुचेना. शेवटी म्हणाले, "बहुत... हलका है." लगेच मागची सगळी मंडळी एकमेकांना सांगू लागली, हलकं आहे, फारच हलकं आहे. ज्यांना घोटही मिळाला नव्हता, त्यांनाही ते हलकं लागलं.

त्या मंडळींत लिंबागणेशकडचे एक देशमुख होते. पाच-सहा गावांत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. सोवळ्याचे मोठे कडक. त्यांनी आधी चौकशी केली, "हे पाणी भरतं कोण?" डॉक्टरसाहेब म्हणाले, "नळीच्या आत कुणाचा हात पोचतच नाही, देशमुखसाहेब." माणसाचा हातच न लागलेलं पाणी! देशमुखांनी त्याच दिवशी फर्मावलं, देवाला आणि प्यायला रोज दोन घागरी वाड्यावर पोचत्या व्हाव्यात. मग तालुकदारांच्या घरून केस धुण्यासाठी घागर मागवली गेली. ते पाहून आणखी तिघा-चौघांना शुद्धतेची निकड लागली. दाणे दोन दिवसांत दमू लागले, तेजाब संपत आलं, आणि रोग्यांच्या औषधाला पाणी कमी पडू लागलं.

पंधरा दिवसांनी देशमुखांचा निरोप आला. पाणी शुद्ध आहे यात शंका नाही, पण पिऊन समाधान होत नाही, काहीतरी चव आणा. डॉक्टरसाहेबांनी लेखी हुकूम काढला: शुद्धता कायम ठेवून पाण्यात योग्य ते क्षार घालावेत. कंपाउंडरांनी हुकूम दोनदा वाचला. मग देशमुखांच्या घागरी उचलल्या, दवाखान्याच्या, जंतू मारायची लाल दवा टाकलेल्या आडावर गेले, स्वतः पोहरा सोडला आणि दोन्ही भरून आणल्या.

मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"जे काढलं तेच परत घालायला सांगितलंय," ते म्हणाले. "मग काढायचंच कावून?" आणि वहीत सुवाच्य अक्षरात नोंद केली: 'हुकमाप्रमाणे क्षार पूर्ववत करून दोन घागरी रवाना.' दुसऱ्या दिवशी वाड्यावरून शाबासकी आली. आता कसं शुद्ध लागतंय, असं देशमुख म्हणाले होते. मेंढरांमागच्या हाताने शेंदलेलं ते पाणी पुढे तीन महिने देवघरापर्यंत जात होतं. देवाने तक्रार केली नाही.

इथवर सगळी गंमतच होती. पण डॉक्टरसाहेबांनी हैदराबादला जो अहवाल पाठवला, त्यात त्यांनी लिहिलं की यंत्रामुळे भट्टीची गरज उरली नाही, सबब लाकडाचा खर्च वाचला. लाकूड बंद झालं. कंपाउंडर भांडायला गेले. सोबत त्यांनी आठ दिवस कोपऱ्यात झाकून ठेवलेली नळीच्या पाण्याची बाटली नेली. तिच्या तळाशी बुळबुळीत पापुद्रा धरला होता.

"साहेब, मीठ गेलं, जीव न्हाई गेले. उलटं त्या दाण्यांतच घर करून ऱ्हातेत."

"बूच नीट बसवलं नसेल तुम्ही," साहेब म्हणाले. "वर लिहून झालंय आता."

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. रोग्याची घाण स्वतःच्या हाताने काढताना मी त्यांना पाहिलं आहे. फक्त आपण एकदा लिहिलेलं खोटं ठरवायला ते तयार नसत, मग समोर बाटली असो की माणूस. कंपाउंडर त्या दिवसापासून भट्टीपुरतं जळण कुठून कुठून आणलेल्या बाभळीच्या फाट्यांवर भागवू लागले.

लिंबागणेशला गणपतीची जत्रा भरली आणि तिथून परतणाऱ्या माणसांबरोबर पटकी आली. दोन दिवसांत आमचा व्हरांडा भरला. पटकीत माणूस जुलाब-उलट्यांनी आतून सुकतं. डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात, नाडी सापडेनाशी होते. शिरेतून मिठाचं पाणी गेलं, तर तेच माणूस तासाभरात बोलू लागतं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या तयार बाटल्या संपल्या. जळणही संपलं. आणि त्याच वेळी एक मेंढका, मेंढरं राखणारा, आपल्या बायकोला पाठीवर घालून घेऊन आला. मी तिचं मनगट धरलं, काही लागलं नाही. थोड्या वेळाने दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, आली. तिच्यात देशमुख होते, बरोबर दहा-बारा माणसं. जत्रेत त्यांनी देवळातलं तीर्थ मनोभावे घेतलं होतं.

डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं, "बाई, नळीचं पाणी घ्या, मीठ मिसळा, गाळा आणि लावा. थांबायला वेळ नाही." मी बाटली भरायला घेतली. कंपाउंडरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"न्हाई साहेब. हे शिरंत घालायचं न्हाई."

"रियासतीतलं सगळ्यांत शुद्ध पाणी आहे ते!"

"गाळून काढल्यालं हाय, उकळल्यालं न्हाई. ह्येनं हुडहुडी भरंल आन् माणूस हातचा जाईल. मला दोन तास द्या."

कच्च्या पाण्याची सुई दिली की हुडहुडी भरून ताप चढतो आणि आधीच खचलेलं माणूस त्यात जातं, हे आम्ही तिघांनीही पाहिलेलं होतं. साहेबही क्षणभर थांबले. पण देशमुखांची माणसं भोवती उभी होती. त्यांतला एक म्हणाला, "कावून अडवतो बे? मालकासाठी ते मशीनचंच पाणी पायजे." साहेबांनी बजावलं, "कंपाउंडर, हा हुकूम आहे. आणि भट्टीला लाकूड कुठाय तुमच्याकडे?"

कंपाउंडर बाहेर गेले. आम्हाला कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मी दारात जाऊन पाहिलं, तर ते आब-ए-खालिसची कमान तोडत होते. उद्घाटनापासून ती तशीच उभी होती. मेंढका त्यांच्या मदतीला धावला. उर्दू अक्षरांची फळी त्यांनी आधी बाजूला काढून भिंतीशी नीट टेकवून ठेवली, बाकीचा साग फोडून भट्टीखाली घातला. नळीचं सगळं पाणी त्यांनी भट्टीत ओतलं. तोवर मला सांगितलं, "उकळून गार केल्यालं मिठाचं पाणी दोगांना चमच्यानं पाजा. उलटी झाली तर पुन्ना पाजा." मी पाजत राहिले. एकीकडे ती बाई, एकीकडे देशमुख. दोघांत दहा हातांचं अंतर होतं. एरवी त्यांच्या गावात ते शंभर हातांचं असतं.

देशमुखांच्या एका माणसाने छपरीत जाऊन विचारलं, "मीठ काढायला एवढी खटपट, मग परत मीठच कावून घालतो?" कंपाउंडर तराजूत मीठ तोलत होते. वर न बघता म्हणाले, "आधी होतं ते किती आन् कसलं, मला ठावं न्हाई. हे मी तोलून घालतोय."

दोन तासांहून थोडा जास्तच वेळ लागला. वाफेत तावून सुलाखून निघालेली पहिली बाटली घेऊन ते आले, तेव्हा दहा-बारा माणसांनी मिळून देशमुखांच्या खाटेकडे वाट करून दिली. कंपाउंडरांनी आधी देशमुखांची नाडी पाहिली, मग त्या बाईची. आणि बाटली बाईच्या उशाशी टांगली.

देशमुख क्षीण आवाजात म्हणाले, "आधी मला."

"तुमाला बोलता येतंय मालक, म्हंजे तुमाला टाइम हाय," कंपाउंडर म्हणाले. "तिला बोलता येत न्हाई."

डॉक्टरसाहेबांनी स्वतः बाईच्या शिरेत सुई घातली. तेवढं मी त्यांचं नेहमी आठवते. दुसरी बाटली पाऊण तासाने आली, ती देशमुखांना लागली. दोघंही जगली. त्या आठवड्यात सगळेच जगले असं नाही, पण कमान पुरली तोवर पुष्कळ जगले.

देशमुख बरे होऊन घरी गेले आणि महिन्याभरात तक्रार आली. सरकारी कमान जाळली. खास यंत्राचं पाणी असताना साधं उकळलेलं पाणी दिलं. आणि एका मेंढकीच्या मागे देशमुखांना तिष्ठत ठेवलं. चौकशी लागली. डॉक्टरसाहेबांनी माझ्यापुढे एक तयार जबाब ठेवला. त्यात लिहिलं होतं, की कंपाउंडरने हुकूम न मानता हट्टाने उपचाराला दोन तास विलंब केला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच त्याची करामत होती. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला कायम करण्याचा कागद वर गेलेला आहे." मी आष्टीच्या भावाचा विचार केला, नाव ठेवायला टपलेल्या भाऊबंदांचा केला, पांढऱ्या कपाळाने परत जाण्याचा केला. आणि सही केली.

कंपाउंडरांची बदली आष्टीच्या बाजूच्या एका लहानशा दवाखान्यात झाली. तिथे ना भट्टी, ना नळ्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला छपरीत बोलावलं, भट्टीचा जाळ किती ठेवायचा, नळी कधी धुवायची, पहिलं पेलाभर पाणी का टाकून द्यायचं, सगळं पुन्हा एकदा दाखवलं. जबाबाचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढू शकले नाही. मोटार सुटताना तो मेंढका स्टँडवर आला होता. त्याच्या बायकोने घोंगडीची वळकटी पाठवली होती. कंपाउंडरांनी ती काखेत मारली आणि विचारलं, "काय म्हणती? पाणी कुठलं पिती आता?"

यंत्राचं पुढे असं झालं, की दाण्यांना तेजाब पाजायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते वाळले, तडकले, त्यांची भुकटी झाली. मग नळ्या पुसून काचेच्या कपाटात ठेवल्या आणि पाहुण्यांना दाखवू लागले. पटकीच्या साथीत या यंत्राने बजावलेल्या कामगिरीबद्दल हैदराबादहून शाबासकीचं पत्र आलं. डॉक्टरसाहेबांना वरची जागा मिळाली. मी कायम झाले. भट्टी मी चालू ठेवली. पुन्हा थर बसू लागले, आणि दर शुक्रवारी भांड्यात डोकं घालायची पाळी माझी आली. त्या वेळी तोंडातून काय निघतं, ते मला तेव्हा कळलं.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी भावाकडे गेले होते. एका सकाळी मनाचा हिय्या केला आणि बैलगाडीने कंपाउंडरांच्या दवाखान्यात गेले. एक खोली, पुढे पडवी. पडवीत एक म्हातारा शेतकरी पाय पसरून बसला होता, पायाला मोठं गळू झालेलं. कंपाउंडर चिरा द्यायच्या तयारीत होते. केस पार पिकले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

वाटेत जुळवलेलं सगळं विसरून मी एकदम म्हणाले, "त्या जबाबावर माझी सही होती."

"ठावं हाय. मला वाचून दाखवला व्हता."

"मी करायला नको होती."

त्यांनी चाकू उकळत्या पाण्यातून काढला, उजेडात धरून पाहिला आणि परत पाण्यात टाकला. "तुमी सही केली नसती तर दोगांनाबी घालवलं असतं. मग भट्टी कुणी पेटवली असती? तो शिपाई? त्यानं राळे शिजवले असते." मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. ते मात्र हसले नाहीत. "वाईट वाटलं न्हाई असं न्हाई," ते म्हणाले. "लई दिवस वाटलं. पर तिकडनं कुणी माणूस आलं की मी पयलं इचारायचो, भट्टी चालू हाय का. लोक म्हणायचे, बाई चालवतेत. मग बरं वाटायचं."

एवढं बोलून ते म्हाताऱ्याकडे वळले. म्हातारा पाय मागे ओढू पाहत होता. ते शीळ घातल्यासारखे काहीतरी करून त्याला चुचकारत म्हणाले, "बाई, आलाच हाय, तर हात धुवा आन् ह्याचा पाय घट्ट धरा. एकट्यानं आवरत न्हाई मला आता."

कोपऱ्यात साबण होता. मी बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले.